धबधब्यावर सोडलेलं पाणी

परसातल्या त्या पाण्याला घरात चार नावं होती. सूनबाई त्याला पूल म्हणे. तिचे सासरे, नाना, यांना हा शब्द मान्य नव्हता. पूल म्हणजे ज्याच्यावरून पलीकडे जातात तो, ज्यात उडी मारतात तो नव्हे, असं ते दर वेळी सांगत आणि स्वतः ‘जलाशय’ म्हणत. सासूबाई सरळ हौद म्हणत. सूनबाईचा नवरा मात्र गेले काही महिने त्याला नुसता ‘खड्डा’ म्हणू लागला होता, आणि माणूस एखाद्या गोष्टीला खड्डा म्हणायला लागला की ती बुजवण्याचा विचार त्याच्या मनात येऊन गेलेला असतो.

नानांची सगळी नोकरी धरणांवर गेली. पाणी अडवणं हा त्यांचा धंदा होता आणि पुढे तो स्वभावही झाला. निवृत्त झाल्यावर अडवायला काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी परसात जलाशय बांधला आणि त्याच्या टोकाला स्वतःच्या हातांनी दगड रचून धबधबा केला. पंप खालचं पाणी वर चढवी, आणि माथ्यावर पुढे आलेल्या एका सपाट शिळेवरून ते परत खाली पडे. पहिल्या दिवशी धबधबा सुरू झाला तेव्हा शेजाऱ्यांनी पाऊस आला असं समजून वाळत घातलेले कपडे काढले होते. ही गोष्ट नाना अजून सांगत. त्या दिवसांत ते काठावर खुर्ची टाकून तासन्‌तास बसत, आणि तीनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नसे, इतके ते रमून जात. पुढे धबधब्याचा जोर ओसरला. हल्ली तो एखाद्या वयस्क माणसासारखा स्वतःशीच पुटपुटत पडे, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार पाण्याची होती. ते कमी होत होतं. सकाळी निळ्या फरशीच्या वरच्या पट्टीला टेकलेलं पाणी संध्याकाळी पट्टीखाली गेलेलं असे. ज्या माणसाने आयुष्यभर धरणं राखली त्याच्याच परसातलं तळं गळतं, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि नानांसमोर कुणी उच्चारत नव्हतं. नाना स्वतःच म्हणत, “बाष्पीभवन आहे. उन्हं वाढलीत.”

“नाना, एवढं बाष्पीभवन झालं असतं तर आपल्या छपरावर स्वतंत्र ढग दिसला असता,” असं मुलगा एकदा म्हणाला. त्यानंतर दोन दिवस नाना त्याच्याशी फक्त हवामानावर बोलले.

मग एका रात्री जेवताना मुलाने जाहीर केलं की खड्डे बुजवणाऱ्या माणसाशी त्याचं बोलणं झालं आहे. सोमवारी तो येऊन बघून जाईल. पाणी भरत बसण्यापेक्षा तिथे पत्रा टाकून गाडी उभी करता येईल. नानांचा घास हातातच राहिला. गळतीचा पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. पाणी दिसत नाही हाच पुरावा, असं मुलगा म्हणाला. न दिसणं हा पुरावा होत नाही, असं नाना म्हणाले. सासूबाईंनी दोघांच्या पानात भात वाढला, म्हणजे दोघांचीही तोंडं काही काळ बंद राहिली. शेवटी असं ठरलं की गळती सिद्ध झाली तर धबधबा पाडायचा आणि जलाशय बुजवायचा. सिद्ध झाली नाही, तर त्याला पुन्हा खड्डा म्हणायचं नाही.

एवढं ठरल्यावर दोघांनीही सूनबाईकडे पाहिलं.

सूनबाई मोजमापांच्या प्रयोगशाळेत काम करत असे. इतरांचे तराजू, मापं आणि तापमापक खरं बोलतात की नाही, हे तपासणं तिचं काम. तिथे तिच्या टेबलावरच्या भांड्याला कुणी बोटही लावत नसे. घरी नाना तिला मानत, कारण ती दशांश चिन्हानंतरचं बोलायची. नवरा तिला मानत असे, कारण दुसरा इलाज नव्हता. तिने दोघांना शांतपणे सांगितलं की गळती आणि बाष्पीभवन वेगळं करणं अगदी सोपं आहे. त्याला एक बादली लागते.

पुलाच्या वरच्या पायरीवर, अर्धी पाण्यात बुडेल अशी बादली ठेवायची. आत पुलातलंच पाणी भरायचं. बादलीत आणि पुलाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला एकेक रेघ मारायची. ऊन दोघांनाही सारखंच लागणार, तेव्हा दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं तर ते नुसतं बाष्पीभवन. पुलातलं जास्त उतरलं तर गळती. “यात चुकायला जागाच नाही,” असं ती म्हणाली. पुढे कित्येक दिवस हे वाक्य तिला आठवत राहिलं.

पहिल्या दिवशी ती कामावरून परत आली तेव्हा तिघंही काठावर तिची वाट पाहत होते. पुलातलं पाणी रेघेच्या चांगलंच खाली होतं. बादलीतलं पाणी मात्र रेघेवर, जिथल्या तिथे. नवऱ्याने एक मोठा श्वास घेतला आणि परसाकडे गाडी मागे घेणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलं. नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला.

सूनबाई बादलीकडेच बघत होती. एवढ्या उन्हात बादलीतलं पाणी तसूभरही उतरू नये, हे निसर्गात बसत नव्हतं. शिवाय बादलीत पुदिन्याचं एक पान तरंगत होतं.

पुदिना सासूबाईंचा. धबधब्यामागच्या मातीच्या पट्टीत तो असा काही माजला होता की शेजारपाजारच्यांना जुड्या वाटूनही संपत नसे. चहाचा चोथा घालते म्हणून, असं सासूबाई सांगत. त्यांनी काही लपवलं नाही. बादली दिवसभर भरून नुसती ठेवलेली दिसली, म्हणून त्यांनी ती पुदिन्यावर रिकामी केली. “पण तुझी रेघ होती ना आत, बरोबर तिथपर्यंत नळाचं पाणी भरून परत ठेवली हो. थेंब इकडचा तिकडे नाही.”

सूनबाईने मनात दहा आकडे मोजले आणि त्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी तिने बादलीवर चिठ्ठी लावली, ‘हात लावू नये.’ संध्याकाळी मोजलं तर बादलीतलं पाणी बोटाच्या पेराएवढं उतरलेलं आणि पुलातलं तेवढंच. पट्टी लावून पाहिलं तरी फरक नाही. नाना खुर्चीतून उठले. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला गाडी रस्त्यावरच छान दिसते असं सांगितलं. नवऱ्याचा चेहरा मात्र पडला नव्हता. त्यावर निव्वळ गोंधळ होता, जणू स्वतः लावलेल्या वांग्याच्या रोपाला भोपळा लागलेला पाहावा.

हा गोंधळ सूनबाईला खटकला. त्याहून जास्त तिला उत्तर खटकलं. तिच्या अनुभवात इतकं स्वच्छ उत्तर देणारं माप बहुधा बिघडलेलं निघे. चहा घेताना ती कुणाकडेही न पाहता म्हणाली, “कुठंतरी पाणी मुरतंय.”

नवऱ्याने वर्तमानपत्र उचललं. सासूबाई उठून, धुतलेला कप पुन्हा धुवायला गेल्या. नाना तेवढे समाधानाने म्हणाले की मुरत नाही, हेच तर आज सिद्ध झालं.

तिने दोघांना वेगवेगळं गाठलं. नवऱ्याने फाटकापाशी, चपलेने मातीवर गोल काढत कबूल केलं की सकाळी त्याने पुलातल्या थोड्या बादल्या उपसून गटारात टाकल्या होत्या. “गळतंय हे आपल्याला माहीतच आहे. मी फक्त ते दिसेल असं केलं.” सासूबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या, “आदल्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिलास ना तू? मग? तू यायच्या आधी नळी लावली मी हौदात. बादलीत जेवढं उतरलंय तेवढंच हौदातही उतरलेलं ठेवलं. काठोकाठ भरला असता तर तुला संशय आला असता.”

म्हणजे नवऱ्याने उपसलेलं आणि हौदाने गिळलेलं, असं सगळं पाणी सासूबाईंनी बिनबोभाट भरून काढलं होतं, आणि तेही प्रयोगशाळेत शोभेल अशा अचूकपणे. ती रागवायची ती काही क्षण नुसती कौतुकानेच पाहत राहिली.

तिसरी तपासणी शनिवारी करायची होती. तीच शेवटची, कारण सोमवार तोंडावर आला होता. आता सूनबाईने कुणावर विश्वास ठेवला नाही. नवऱ्याला तिने दिवसभरासाठी त्याच्या मित्राकडे पाठवलं. घरातल्या बादल्या कपाटात घालून कुलूप लावलं. नळीचं तोंड काढून पर्समध्ये टाकलं. सासूबाई हे सगळं पाहत होत्या. “आंघोळीला तरी बादली ठेव,” एवढंच त्या म्हणाल्या. या वेळी धबधबा बंद ठेवायचा होता. धबधबा बंद असताना पाणी टिकलं, तर दोष धबधब्याचा. तसं असेल तर नुसता धबधबा पाडून जलाशय तरी वाचवता येईल, असा तिचा हिशेब होता. रेघा मारून ती निघाली, आणि निघताना नानांना पंप लावू नका असं बजावलं. नाना “बघू” म्हणाले.

धरणावरच्या माणसाचं ‘बघू’ म्हणजे काय हे प्रयोगशाळेत पोचल्या पोचल्या तिच्या ध्यानात आलं आणि तिने घरी फोन केला. फोन सासूबाईंनी घेतला. नाना पंपाच्या चावीवर हात ठेवून बसले होते. आज धबधबा बंद ठेवला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. जलाशय एक वेळ बुजवा, पण धबधबा नसलेला जलाशय नको. त्यापेक्षा खड्डा बरा. हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने वापरला होता.

सूनबाईच्या टेबलावर सतरा तापमापक तिची वाट पाहत होते. आठवडाभर ती एका बादलीसाठी तीन माणसांशी झगडली होती. ती थकून म्हणाली, “आई, त्यांना म्हणावं, आता काही इलाज नाही. त्या धबधब्यावर पाणी सोडा.”

सासूबाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून निरोप जसाच्या तसा पोचवला. “अहो, सूनबाई म्हणतेय, धबधब्यावर पाणी सोडा.”

मराठी बोलणाऱ्या बहुतेकांना या शब्दांचा एकच अर्थ कळला असता, की आशा सोडा. पण नानांनी ते शब्द सगळी नोकरीभर दुसऱ्याच अर्थाने ऐकले होते. तसा आदेश वरून येई, आणि तो आला की दरवाजे उघडायचे. त्यात आशेचा काही संबंध नसे. त्यांनी रीतीप्रमाणे एकच प्रश्न विचारला.

“किती?”

“ते काही म्हणाली नाही ती.”

“म्हणजे पूर्ण,” नाना म्हणाले, आणि त्यांनी चावी शेवटपर्यंत फिरवली.

संध्याकाळी सूनबाईला कोपऱ्यावरूनच ते ऐकू आलं. शेजारीण गच्चीवरून घाईघाईने चादरी गोळा करत होती. परसात धबधबा शिळेवरून अखंड पडद्यासारखा झेपावत होता, काठावरच्या फरशा ओल्या होत्या आणि नाना खुर्चीत पाठमोरे, ताठ बसले होते. तिने हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. तपासणीचा बोजवारा उडाला होता, आणि फोनवर आपण नेमकं काय बोललो ते आठवून तिला रागही धड करता येईना. निव्वळ सवयीने ती पायरीपाशी वाकली आणि तिने पट्टी लावली.

बादलीत आणि पुलात पाणी सारखंच उतरलं होतं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. “मला काय बघतेस? नळीचं तोंड तुझ्या पर्समध्ये आहे,” त्या म्हणाल्या. कपाटाला कुलूप होतं. नवरा अजून आलाच नव्हता. लबाडी करायला कुणी उरलंच नव्हतं. म्हणजे धबधबा जोरात पडला तर पाणी टिकतं, आणि हळू पडला तर जातं. हे उलटं होतं, आणि उलटी गोष्ट तिला जेवू देत नसे.

ती स्वयंपाकघरात गेली आणि विचार करता करता दूध पातेल्यातून कपांत ओतू लागली. ती सगळंच हळू आणि जपून करत असे. दूध पातेल्याच्या काठावरून वळलं, बाहेरच्या अंगाला चिकटून खाली ओघळलं आणि ओट्यावर आलं. सासूबाईंनी फडकं घेतलं. “रोजचंच आहे तुझं. इतकं नाजूक ओतलं की ओघळ येणारच. एकदम ओतावं.”

सूनबाई पातेलं तसंच ठेवून पर्समधला छोटा आरसा घेऊन परसात धावली. तिने नानांना खुणेने पंपाची चावी हल्लीच्या जागेवर आणायला लावली. धबधबा पुटपुटू लागला. तिने आरसा शिळेच्या खाली धरला. पाणी कडेवरून खाली पडायचं सोडून थोडं थोडं आत वळत होतं, शिळेच्या पोटाला चिकटून मागे मागे जात होतं आणि दगडांच्या फटीतून थेट पुदिन्याच्या मुळांशी उतरत होतं. चहाच्या चोथ्याचा त्यात काही हात नव्हता.

ती सुटकेने हसणार, तेवढ्यात तिला दुसरी गोष्ट आठवली. धबधबा हळू का झाला, ही. कारण तिनेच तसं सुचवलं होतं. तिच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती, आणि त्या गर्जनेत तिला दोन ओळीही सलग वाचता येत नसत. एका सकाळी ती अगदी सांभाळून म्हणाली होती, “नाना, धबधबा सुंदरच आहे. थोडा हळू ठेवला तर आणखी सुंदर वाटेल.” पाणी कमी व्हायला लागलं ते त्यानंतर. दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या बाईने आठवडाभर सगळ्या घरावर संशय घेतला होता, एक स्वतः सोडून.

जेवताना तिने शोध सांगितला, पण कर्ता वगळून. प्रवाह कमी ठेवला गेल्यामुळे पाणी शिळेखालून मागे वळत होतं. प्रवाह पूर्ण ठेवला की काही गळत नाही. बांधकामात दोष नाही. नानांनी ‘दोष नाही’ हे शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावले.

“पण प्रवाह कमी ठेवला कुणी?” नवऱ्याने विचारलं.

“मीच,” नाना लगेच म्हणाले. “माझीच चूक.”

इथे गप्प बसता आलं असतं. सूनबाईने पाण्याचा घोट घेतला. “नाही. मी सांगितलं होतं त्यांना.”

सासूबाईंचा डाव वाढता वाढता थांबला. “तू होय? मला वाटलं, मी सांगितलं म्हणून केला.” दुपारी डोळा लागत नाही, थोडा बारीक करा, असं त्या म्हणाल्या होत्या. आता सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने भातात बोट फिरवलं. फोनवर साहेबांचं बोलणं कळत नसे, म्हणून त्यानेही एकदा, अगदी सहज, शब्द टाकला होता.

“प्रत्येकानं थोडाच हळू करा म्हटलं होतं,” नाना म्हणाले. “मी प्रत्येकाचं ऐकलं.” मग त्यांनी तिघांकडे एकेक करून पाहिलं, आणि त्यांच्या मनात काहीतरी हळूहळू भरत गेलेलं दिसलं. “म्हणजे तुम्हाला कुणालाच तो आवडत नाही का?”

सासूबाई म्हणाल्या की आवाजाने उलट झोप छान लागते, त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. नवरा म्हणाला की साहेबांचं बोलणं न कळलेलंच बरं. सूनबाई म्हणाली की वाचन तसंही प्रयोगशाळेत होतं. तिने आयुष्यात इतकं खोटं माप कधी दिलं नव्हतं.

नाना उठले आणि त्यांनी चावी शेवटपर्यंत फिरवली.

सोमवारी खड्डे बुजवणारा आला. काम रद्द झालं, हे नवऱ्याने त्याला फाटकात उभं राहून तीनदा ओरडून सांगितलं, आणि शेवटी दोन्ही हात हलवून समजावलं. तो माणूस आभाळाकडे बघत, जोराचा पाऊस येतोय वाटतं, असं काहीसं म्हणत निघून गेला. सासूबाईंचा पुदिना त्या आठवड्यात मान टाकू लागला. शेजारणीने कपडे घरात वाळत घालायला सुरुवात केली. सूनबाईने खिडकी लावून पाहिली, पडदा ओढून पाहिला, पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत बसून पाहिलं, आणि मग शांततेवर पाणी सोडलं.

त्या रात्री चौघं जेवायला बसले होते. परसातून गर्जना येत होती आणि पातेल्याच्या झाकणाला बारीक कंप सुटला होता. आमटी वाढू का, असं सूनबाईने नानांना विचारलं. मग जवळ वाकून विचारलं. मग जवळजवळ कानाशी तोंड नेऊन विचारलं, आणि तेव्हा तिला दिसलं. नानांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. व्यवस्थित वळलेले, सरावाच्या हाताचे.

तिची नजर नानांनी पाहिली. ते थोडे अवघडले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कापसाची गुंडाळी काढली, आपल्या वाट्याचा म्हणून थोडा तोडून ठेवला, आणि उरलेली ताटाच्या कडेने हलकेच तिच्याकडे सरकवली.